बेगमी

उन्हाळा उतरणीस लागला, म्हणजे आपल्या घरांतून एक शब्द पूर्वीं हटकून ऐकूं येत असे : बेगमी. मृगापूर्वीं गोवऱ्या व लाकडें पडवींत रचलीं पाहिजेत, डाळ भरडून झाली पाहिजे, चिंच फोडून व मिरची कुटून बरण्यांत गेली पाहिजे, पापड-कुरडया कडकडीत वाळल्या पाहिजेत, आणि वर्षाचें धान्य निवडून, निंबाचा पाला घालून कणगींत पडलें पाहिजे. एवढें झालें कीं घरची मालकीण निश्चिंत मनानें पहिल्या पावसाची वाट पाहूं लागे. शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत ही चाल हळूहळू मागें पडली. कोपऱ्यावर दुकान आणि हातांत पैसा असतां वर्षाचा सांठा कशासाठीं करावयाचा, हा युक्तिवाद बिनतोड वाटत होता. सन २०२० च्या मार्चच्या २५ तारखेस साथीमुळें सारा देश बंद झाला, तेव्हां त्याच कुटुंबांतील माणसें डबे उघडून आंत किती दिवसांचें पीठ आहे हें पाहूं लागलीं.

प्रश्न साधा व फार जुना आहे. वाईट दिवस केव्हां तरी येणार हें ठाऊक असतां एका कुटुंबानें आपली तयारी कशी करावी, आणि ती तयारी त्याला कोठवर तारूं शकते? ह्याचें उत्तर उपदेशपर ग्रंथांपेक्षां एखाद्या मुलखाच्या इतिहासांत शोधलेलें बरें. पुणें जिल्ह्याच्या आंबेगांव तालुक्यांत महाळुंगे पडवळ नांवाचें गांव आहे. हुतात्मा बाबू गेनू सैद ह्यांचें जन्मगांव म्हणून तें महाराष्ट्राला माहीत आहे. परंतु बाबू गेनूंच्या बलिदानाकडे वळण्यापूर्वीं त्या मुलखांतील घरांची जुनी व्यवस्था पाहणें अवश्य आहे. कारण तेथून मुंबईला जाणारी वाट त्या व्यवस्थेच्या पडझडींतूनच गेलेली आहे.

जुन्नर व आंबेगांव हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या माथ्यापासून पूर्वेकडे उतरत गेले आहेत. भीमाशंकरच्या बाजूस पाऊस कोसळतो; पूर्वेच्या पठारावर येईतों तोच पाऊस हात आंखडता घेतो. म्हणून डोंगरांत भात, नाचणी, वरई व सावा, तर पठारावर बाजरी, ज्वारी व कडधान्यें अशी पिकांची वांटणी झालेली होती. शेतकरी एकाच पिकावर भिस्त ठेवीत नसे. बाजरीच्या ओळींतून तो तूर, मटकी, हुलगा पेरी. एक बुडालें तर दुसरें हातीं लागे. डोंगरांतलें कुटुंब नाचणी राखून ठेवी, कारण तिला कीड सहसा लागत नाहीं व ती वर्षानुवर्षें टिकते. पुरेसें धान्य आलें नाहीं, तर रानांतील कंद आणि पालेभाज्या कोणत्या, त्या कशा उकडल्या म्हणजे बाधत नाहींत, हें ज्ञान घरांतील बायकांजवळ असे. आणि तेंहि एक प्रकारचें कोठारच होतें.

सांठवणाच्या रीतीहि जमीन व पाऊस पाहून ठरत. ओलसर हवेंत बांबूच्या कांबींची कणगी विणून ती शेणमातीनें लिंपीत. कोरड्या देशावर पेवें खणीत. पेव म्हणजे अरुंद तोंडाचा व मोठ्या पोटाचा खड्डा. कठीण जमीन पाहून तो खणावयाचा, आंतून कडब्याचें व भुशाचें अस्तर द्यावयाचें, ज्वारी भरावयाची, आणि तोंड माती-दगडांनीं गच्च बंद करावयाचें. कोंडलेल्या जागेंतील प्राणवायु हळूहळू संपतो आणि किडा जगत नाहीं. त्यामुळें चांगल्या पेवांतील ज्वारी कित्येक वर्षें खाण्याजोगी राही. परंतु तीच कोंडलेली हवा माणसाचाहि जीव घेते. म्हणून पेव उघडल्यावर कांहीं वेळ वारा खेळूं देत, मग दिवा खालीं सोडून पाहात, आणि तो जळत राहिला तरच माणूस आंत उतरे. धान्याबरोबर कडब्याची गंजीहि रचावी लागे. कारण दुष्काळांत माणसाआधीं बैल जातो, आणि बैल गेला म्हणजे पुढल्या वर्षींचा पाऊस पडूनहि न पडल्यासारखा होतो.

ह्या वर्णनावरून कोणी असें समजूं नये, कीं प्रत्येक घर आपल्यापुरतें एक बेट होतें. शेतकऱ्याचा नांगर सुतार करी, फाळ लोहार करी, मोट चांभार शिवी, आणि त्यांचें बलुतें खळ्यावरच धान्यानें चुकतें होई. पेरणी खोळंबली तर इर्जिकेला शेजाऱ्यांचे बैल येत. कापणीला सावडीनें माणसें येत. ह्या व्यवस्थेंत उच्चनीचतेचा जाच होता, गांवकुसाबाहेरच्यांच्या वांट्याला कष्ट पुष्कळ व धान्य थोडें येई, हें विसरून तिचे गोडवे गातां येणार नाहींत. तरी एवढें खरें, कीं स्वयंपूर्णतेचें माप एका घराचें नव्हतें; तें गांवाचें होतें.

आणि तेवढ्यानेंहि नेहमीं भागे असें नाहीं. जुन्नरशेजारच्या शिवनेरी किल्ल्यावर खडकांत कोरलेलीं पाण्याचीं टांकीं आणि धान्याचा अंबरखाना आजहि पाहावयास मिळतो. वेढा पडला तरी गडानें स्वतःच्या बळावर तग धरावा, ही त्यामागची दृष्टि. ह्याच गडावर सन १६३० च्या फेब्रुवारींत शिवाजी महाराजांचा जन्म झाला, आणि त्याच सुमारास, सन १६३० ते १६३२ ह्या काळांत, महाराष्ट्रावर भयंकर दुष्काळ कोसळला. जन्मस्थान सुरक्षित होतें. गडाखालचा मुलूख उघडा होता. इंद्रायणीकांठच्या देहूस तुकोबांचें घर कांहीं दरिद्री नव्हतें. त्यांच्याकडे महाजनकी होती, सावकारी होती, दुकान होतें. तरीहि त्या दुष्काळांत दुकान बसलें, आणि पहिली पत्नी अन्नान्न करून गेली. पुढें तुकोबांनीं आपल्या वांट्याचीं कर्जखतें इंद्रायणींत सोडून दिलीं, असें त्यांचें चरित्र सांगणारी परंपरा म्हणते. ह्या एका कुटुंबाच्या कथेंत बेगमीची मर्यादा स्पष्ट दिसते. सारा मुलूख उपाशी असतां एका घराची तिजोरी त्या घरालाहि पुरत नाहीं. आणि ज्याच्याजवळ कांहीं उरलें आहे त्यानें दुसऱ्याच्या गळ्याचा फांस सोडणें, हेंहि दुष्काळाला दिलेलें एक उत्तरच होय.

एकोणिसाव्या शतकांत मात्र ह्या व्यवस्थेच्या मुळावरच घाव पडला. शेतसारा रोकडींत व ठरल्या हप्त्यानें भरावयाचा, हा नियम इंग्रजी अमलांत घट्ट झाला. पीक आलें कीं तें आधीं बाजारांत गेलें पाहिजे. भाव पडलेला असला तरी गेलें पाहिजे. पेवांत धान्य ठेवून चालेना, कारण हप्ता थांबत नव्हता. हप्त्यासाठीं कर्ज, कर्जासाठीं गहाणखत, आणि गहाणखतामागून न्यायालयाचा हुकूमनामा अशी सांखळी तयार झाली. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें सन १८६१ ते १८६५ पर्यंत कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हां कर्ज सहज मिळालें. भाव उतरला तेव्हां कर्ज मात्र उतरलें नाहीं. सन १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकरी उठले, आणि तेथून पुणें व नगर जिल्ह्यांत लोण पसरलें. दंगेखोरांना मुख्यतः हवे होते ते सावकारांचे कागद. ते मिळाले कीं ते त्यांची होळी करीत. ज्याला आपलें धान्य स्वतःच्या कणगींत ठेवण्याची मोकळीक नाहीं, त्याला काटकसरीचा उपदेश करणें म्हणजे त्याची थट्टा होय, हें त्या होळींतून सरकारला कळावयास हवें होतें. सन १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा झाला खरा. पण तत्पूर्वींच दुष्काळ येऊन गेला होता.

सन १८७६ मध्यें पाऊस गेला. बोरघाटांतून आगगाडी सन १८६३ पासून धांवत होती, आणि जिकडे भाव अधिक तिकडे धान्य जातें हा व्यापाराचा नियम तिनें वेगवान केला होता. दुष्काळी कामांवर आलेल्या पुरुषास एक पौंड धान्याची किंमत व वर एक आणा, एवढ्यावर सर रिचर्ड टेंपल ह्यांनीं मजुरी आणून ठेविली. तेव्हां मजुरांनीं मोठ्या संख्येनें कामें सोडलीं. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें गांवोगांवची माहिती जमवून सरकारपुढें मांडली. ह्याच सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, सन १८७७ च्या दिल्ली दरबारास हातानें कातलेल्या सुताचे कपडे घालून गेले. भुकेची मोजदाद करणारा आणि खादीचा अंगरखा घालणारा माणूस एकच असावा, ह्यांत आश्चर्य नाहीं. जी वस्तु आपल्या घरांत होऊं शकते तिच्यासाठीं रोकड बाहेर जाऊं नये, हा बेगमीचाच विचार त्यांनीं राष्ट्राला लागू केला होता.

आतां महाळुंग्याकडे परत येऊं. बाबू गेनूंचा जन्म सन १९०८ च्या सुमाराचा. घरची गरिबी, लहानपणींच वडिलांचा मृत्यु, आणि मग मुंबईची कापडगिरणी. ही हकीगत त्यांच्या एकट्याची नाहीं. घाटावरच्या हजारों कुटुंबांनीं आपल्या तुटपुंज्या शेतीला दिलेली ती जोड होती. एक मुलगा मुंबईला, बाकीचीं माणसें रानांत. त्याची मनिऑर्डर सारा भरी, आणि गांवाहून कोणी येणार असला म्हणजे त्याच्यासाठीं पिठाची पुरचुंडी येई. पेवाची जागा आतां गिरणीच्या पगारानें घेतली होती.

सन १९३० मध्यें परदेशी कापडावर बहिष्काराची चळवळ जोरांत होती. १२ डिसेंबरला काळबादेवी रस्त्यावर परदेशी कापडानें भरलेली मालमोटार पोलिसांच्या संरक्षणाखालीं निघाली. स्वयंसेवक तिला आडवे गेले. बाबू गेनू रस्त्यावर आडवे झाले, आणि मोटार त्यांच्या अंगावरून गेली. बाविशींच्या घरांतला तो गिरणी कामगार होता. वकील नव्हता, पुढारी नव्हता, ग्रंथ वाचून स्वदेशी शिकलेलाहि नव्हता. परंतु घरांत होणाऱ्या वस्तूसाठीं बाहेर हात पसरावा लागला म्हणजे काय होतें, हें त्याच्या मुलखाला तीन पिढ्या अनुभवास आलें होतें. पुढाऱ्यांच्या भाषणांत स्वदेशी हें तत्त्व होतें. ह्या मुलाच्या मुलखांत ती भाकरीची गोष्ट होती.

पुढील काळानें बेगमीचीं आणखी दोन रूपें दाखविलीं. सन १९७२ च्या दुष्काळांत घराघरांतील कणग्या रिकाम्या झाल्या. परंतु ह्या वेळीं मागेल त्याला काम देण्याची जबाबदारी राज्यानें उचलली. वि. स. पागे ह्यांच्या प्रेरणेनें उभी राहिलेली रोजगार हमी सन १९७७ मध्यें कायद्यांत उतरली, आणि दुष्काळी कामावरील मजुरी ही कृपा न राहतां हक्क झाली. सन १८७७ चा एक आणा आणि सन १९७७ चा कायदा ह्यांमधील अंतर शंभर वर्षांचें आहे. उलटपक्षीं, १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला, सुमारें अडीच लाख कामगार महिनोन् महिने बेकार झाले, तेव्हां त्यांतील पुष्कळांना तारलें तें गांवाकडच्या घरानें. सन २०२० मध्येंहि तेंच घडलें. शहरांतून पायीं निघालेल्या माणसांना कोठें जावयाचें हें विचारावें लागलें नाहीं. ज्यांचा गांवाशीं असलेला धागा तुटला होता, त्यांचे हाल मात्र सर्वांत अधिक झाले.

घोडनदीवर डिंभे येथें धरण झालें आणि त्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू ह्यांचें नांव मिळालें. दुष्काळाविरुद्ध मुलखानें बांधलेलें हें मोठें पेवच म्हणावयाचें. कालव्यांच्या पाण्यानें पूर्वेकडची शेती फुलली. परंतु त्याच पाण्याखालीं जुनें आंबेगांव गेलें, आणि नाचणी राखून ठेवणाऱ्या डोंगरांतील आदिवासी कुटुंबांच्या जमिनीहि गेल्या. एकाची बेगमी दुसऱ्याच्या घरावर बांधली जाऊं नये, ह्याची दक्षता घ्यावयास आपण अजून शिकलों नाहीं.

ह्या साऱ्या इतिहासांतून आपल्यासारख्या पांढरपेशा कुटुंबानें काय घ्यावें? वर्षाचें नाहीं तरी दोन महिन्यांचें धान्य घरांत असावें, कर्ज फेडतां येईल एवढेंच काढावें, हातांनीं करण्याचीं चार कामें मुलांना येत असावींत, आणि मिळकतीचें सारें ओझें एकाच खांबावर नसावें. हें शहाणपण जुनें आहे व अजून शिळें झालेलें नाहीं. परंतु इतक्यावर थांबून दाराला आंतून कडी घालणारा माणूस तुकोबांच्या दुकानाची गोष्ट विसरतो. टंचाई आली कीं दुप्पट माल उचलून घर भरणारे लोक बेगमी करीत नाहींत; ते शेजाऱ्याची भूक विकत घेतात. खरी बेगमी सुगींत होते, टंचाईंत नव्हे. आणि तिच्या हिशेबांत शेजाऱ्याचा वांटा आरंभींच धरलेला असतो. पेव उघडतांना वर दोरी धरून कोणी तरी उभें राहावें लागे, हें ज्यांनीं पेवें खणलीं त्यांना पक्कें ठाऊक होतें.