‘अर्धापूर’पाशी अडखळणारा संगणक : त्रुटीचा माग कसा वाचावा?

संगणकाला दिलेली आज्ञावली मध्येच थांबते आणि पडद्यावर दहा-बारा ओळींचा इंग्रजी मजकूर उमटतो. तो न वाचताच पुसून टाकण्याकडे नवशिक्यांचा कल असतो. वास्तविक हा मजकूर म्हणजे बिघाडाचा पंचनामाच होय. पायथन भाषेत त्याला ‘ट्रेसबॅक’ म्हणतात, तर रुबी भाषेत ‘बॅकट्रेस’.

अशा भाषांतील आज्ञावली ‘इंटरप्रिटर’ नावाच्या दुभाष्यामार्फत चालते. त्यामुळे अनेक चुका ती ओळ प्रत्यक्ष चालेपर्यंत उघडकीस येत नाहीत. चूक उघड होताच, कोणत्या कार्याने कोणत्या कार्याला पाचारण केले याची साखळी दुभाषी फाइलचे नाव व ओळ क्रमांकासह मांडतो.

एक उदाहरण

नांदेड जिल्ह्यातील अर्धापूर परिसर केळीसाठी प्रसिद्ध आहे. समजा, गावनिहाय केळीच्या वजनाची यादी युनिकोड मराठीत, ‘यूटीएफ-८’ या संकेतपद्धतीने जतन केली आहे आणि विंडोज संगणकावर पायथनची छोटी आज्ञावली तिची बेरीज करते. यादीत केवळ नांदेड, लातूर, परभणी ही नावे असताना आज्ञावली विनातक्रार चालते. ‘अर्धापूर’ येताच मात्र ‘युनिकोड-डीकोड-एरर’ असा शेरा देऊन थांबते.

पायथनच्या मागात सर्वांत अलीकडचे पाचारण सर्वांत खाली असते. म्हणून वाचनाची सुरुवात शेवटच्या ओळीपासून करावी. तेथे त्रुटीचा प्रकार व कारण असते. येथे ती ओळ सांगते की, षोडशमान पद्धतीतील ‘८डी’, म्हणजे १४१ क्रमांकाचा बाइट उलगडता आला नाही.

त्यानंतर एकेक पायरी वर चढावे. लगतची नोंद पायथनच्या स्वतःच्या ‘सीपी १२५२’ या फाइलची असते. येथे अनेकांची दिशाभूल होते. दोष पायथनच्या फाइलमध्ये असण्याची शक्यता फारच कमी असते, म्हणून आपण लिहिलेल्या फाइलची पहिली नोंद भेटेपर्यंत वर जावे. ती नोंद यादी वाचणाऱ्या ओळीकडे बोट दाखवते. परंतु खरी चूक तिच्याही आधी, फाइल उघडणाऱ्या ओळीत असते. त्रुटी जेथे उघड होते तेथेच ती जन्मली असेल, असे नाही.

जोडाक्षराचे कोडे

पायथन ३.१४ पर्यंतच्या आवृत्त्या, वेगळी सूचना नसल्यास, विंडोजच्या स्थानिक मांडणीतील संकेतपत्रक वापरतात. बहुधा ते पाश्चात्त्य लिपींसाठीचे १२५२ क्रमांकाचे असते. यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाइटांचे असते. ‘र्धा’मधील हलन्ताचे बाइट २२४, १६५ व १४१ असे आहेत, आणि १२५२ संकेतपत्रकात १४१ ही जागा रिकामी आहे. ऱ्हस्व उकारातील १२९, ‘ए’मधील १४३, ‘ऐ’मधील १४४ व ‘झ’मधील १५७ यांचीही तीच गत. म्हणूनच ‘मुखेड’ व ‘मुदखेड’ ही नावेही अडतात. उपाय सोपा आहे : फाइल उघडताना ‘एन्कोडिंग’ म्हणून यूटीएफ-८ स्पष्ट नमूद करावे.

भाषेनुसार क्रम

रुबीत परंपरेने त्रुटीचा शेरा सर्वांत वर येतो. २०१७च्या रुबी २.५ आवृत्तीने टर्मिनलवरील हा क्रम उलटा केला, तर २०२०च्या रुबी ३.० आवृत्तीने तो पूर्ववत केला. त्यामुळे माग वरून वाचायचा की खालून, हे आधी पाहावे. २०२२च्या पायथन ३.११ आवृत्तीपासून ओळीतील नेमका भागही खुणेने दाखवला जातो.

मौन अधिक घातक

त्रुटी दिसू नये म्हणून काहीजण तिला पकडून गप्प करतात किंवा न उलगडणारे बाइट गाळण्याची सूचना देतात. मग आज्ञावली शेवटपर्यंत चालते. मात्र गावाचे नाव विद्रूप झाल्याने ‘अर्धापूर’चा शोध निष्फळ ठरतो आणि तेथील शेतकऱ्याचे वजन बेरजेत येत नाही. ‘नांदेड’ची स्थिती तर आरंभापासूनच अशी असते. त्यातील सर्व बाइटांना १२५२मध्ये जागा असल्याने ते नाव परकीय चिन्हांच्या रूपात बिनबोभाट वाचले जाते. नांदेडची बेरीज शून्य येते आणि तक्रार कोठेच उमटत नाही.

रुबीतही असाच धोका आहे. मराठी अंकांत लिहिलेल्या ‘१२’ला ‘टू-आय’ या क्रियेने संख्येत बदलले, तर त्रुटीविना शून्य हाती येते. ‘इंटिजर’ ही काटेकोर क्रिया मात्र त्रुटी दाखवून थांबते. पायथन हेच मराठी अंक बरोबर वाचतो, पण ‘१,२००’मधील स्वल्पविरामापाशी ‘व्हॅल्यू-एरर’ देऊन अडतो.

अर्धापूरपाशी अडखळलेला संगणक निदान आपली अडचण सांगतो. त्याचे म्हणणे शेवटच्या ओळीपासून शांतपणे वाचले, तर नांदेडची न दिसणारी चूकही त्याच एका दुरुस्तीत सुधारते.