कुळाचे नाव, माणसाचे नाव

पिरंगुट मुळशीत आहे असे आपण सहज म्हणतो. पण पिरंगुट म्हणजे मुळशी गाव नव्हे, हेही आपणांस पक्के ठाऊक असते. तालुक्याला नाव एका गावाचे, कचेरी पौडला, आणि १९२१ च्या सत्याग्रहाने देशभर पोहोचले तेही त्याच एका गावाचे नाव. तरीही बाकीची गावे काही मुळशीच्या वाड्या ठरली नाहीत. भाषांविषयी बोलताना मात्र हा साधा विवेक आपण गमावतो.

मेळघाटातील कोरकूंचे उदाहरण घेऊ. कोरकू ही 'मुंडा' कुळातील भाषा. मॅक्स म्युलरने १८५४ साली या भाषा द्राविड भाषांहून निराळ्या आहेत असे ओळखले आणि छोटा नागपूरच्या मुंडा लोकांवरून कुळाला नाव दिले. पुढे ग्रीअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात (१९०६) स्टेन कोनो यांनी या भाषांचे विस्ताराने वर्णन केले. एका सदस्याचे नाव असे सगळ्या घराण्याला पडले. पण म्हणून कोरकू ही मुंडारीची बोली होत नाही, की कोरकू माणूस बिरसा मुंडांचा जातभाई होत नाही. मेळघाटातच राहणाऱ्या गोंडांची भाषा तर द्राविड कुळातली. दोघांना 'आदिवासी बोली' या एकाच शब्दात बसवले की हा सारा भेद पुसला जातो.

अमेरिकेतही हेच घडले. ओटावा नदीकाठच्या अल्गॉन्क्विन लोकांवरून 'अल्गॉन्कियन' हे कुळनाम आले. त्यात क्री, ओजिब्वे, शायान अशा कितीतरी भाषा येतात, आणि अरापाहोही येते. अल्गॉन्कियन नावाची कोणतीही एक भाषा कोणी बोलत नाही; अरापाहो बोलणारी माणसे आहेत, वायोमिंगमध्ये, आणि ती स्वतःला 'हिनोनोएइ' म्हणवतात. अरापाहो हे नावदेखील इतरांनीच रूढ केलेले.

कोरकू या नावाची गोष्ट मात्र वेगळी आहे. 'कोरो' म्हणजे माणूस, 'कोरकू' म्हणजे माणसे. संथाळांचा 'होड', मुंडांचा 'होरो' आणि हो लोकांचा 'हो' हे शब्द याच मुळाचे, याच अर्थाचे. विद्वानांनी ज्या नात्याला बाहेरून नाव दिले, ते या लोकांच्या स्वतःच्या नावांत आधीपासून नांदत होते!

२०११ च्या जनगणनेत सात लाखांहून अधिक लोकांनी कोरकू ही आपली मातृभाषा सांगितली. वर्गात तिचा उल्लेख करताना कुळ जरूर सांगावे, पण नाव आधी घ्यावे, एवढेच आम्हांस म्हणावयाचे आहे. कुळ हे अभ्यासकाच्या सोयीसाठी असते. नावाने हाक मारली तरच माणूस ओ देतो.