गेमिंग लॅपटॉप तापतो, पडद्यावर रेघा येतात: चिप खरोखर गेली आहे का?

चंदगड तालुक्यात पावसाळ्यात खोलीतले तापमान बहुतेक वेळा २५ अंश सेल्सिअसच्या आसपासच असते. तरीही गेम सुरू करून दहा मिनिटे होतात न होतात तोच लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा घरघरू लागतो, खेळ अडखळतो आणि पडद्यावर रंगीत चौकोन किंवा आडव्या रेघा उमटतात. दुकानात दाखवला की अनेकदा एकच उत्तर मिळते: ‘ग्राफिक्स चिप गेली, मदरबोर्ड बदलावा लागेल.’ गेमिंग लॅपटॉपमध्ये ही चिप मदरबोर्डवरच डाखलेली असते. त्यामुळे हा खर्च लॅपटॉपच्या किमतीच्या निम्म्यापर्यंतही जाऊ शकतो. मात्र अशीच लक्षणे सैल केबल, बिघडलेला ड्रायव्हर किंवा धुळीने तुंबलेला पंखा यांमुळेही दिसतात. त्यांतले नेमके काय झाले आहे हे बरेचसे घरीच आणि फुकटात कळते.

रेघा नेमक्या कुठे तयार होतात?

सर्वात सोपी चाचणी स्क्रीनशॉटची. पडद्यावर रेघा दिसत असतानाच स्क्रीनशॉट घ्यावा आणि तो मोबाइलवर पाठवून पाहावा. मोबाइलवरही रेघा दिसल्या, तर चित्र तयार होतानाच बिघडते आहे. म्हणजे दोष ड्रायव्हर, गेम, ग्राफिक्स चिप किंवा तिची मेमरी यांपैकी कशात तरी आहे. मोबाइलवर चित्र स्वच्छ असेल तर संशय पडदा आणि त्याच्या केबलवर जातो. ही केबल बिजागरीतून जाते. झाकण हळूहळू मागेपुढे केल्यावर रेघा बदलत असतील तर केबलच पाहायला हवी. तिचा खर्च मदरबोर्डच्या मानाने किरकोळ असतो.

दुसरी चाचणी एचडीएमआय केबलने टीव्ही जोडून करतात. तिचा अर्थ लावताना मात्र सावध राहावे. बऱ्याच लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतात. मुख्य प्रोसेसरमधली छोटी चिप लॅपटॉपचा पडदा सांभाळते आणि एचडीएमआयची तार थेट मोठ्या चिपला जोडलेली असते. अशा लॅपटॉपमध्ये नुसत्या टीव्हीवर रेघा आल्या, तर दोष टीव्हीचा नसून मोठ्या चिपचा असू शकतो.

लॅपटॉप सुरू होताना, विंडोज येण्याआधी, कंपनीचे चिन्ह किंवा बायोसचा पडदा दिसतो. तिथेही रेघा असतील तर ड्रायव्हर निर्दोष आहे, कारण तो त्या वेळी सुरूच झालेला नसतो. उलट बायोस आणि सेफ मोड दोन्ही स्वच्छ असून फक्त नेहमीच्या विंडोजमध्ये गडबड होत असेल, तर आधी ड्रायव्हर बदलून पाहावा. डीडीयू नावाच्या मोफत साधनाने जुना ड्रायव्हर मुळासकट काढून लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरचा ड्रायव्हर टाकावा. नवीनतमच घ्यावा असा हट्ट नको. आधी नीट चालणारी आवृत्ती माहीत असेल तर तीच बरी.

पडदा क्षणभर काळा होऊन पूर्ववत होतो, ही वेगळी गोष्ट आहे. ग्राफिक्स चिपने सुमारे २ सेकंद उत्तर दिले नाही, तर विंडोज ड्रायव्हर स्वतःच पुन्हा सुरू करते. हे एखाद्या वेळी झाले तर काळजी नको. रोज होऊ लागले तर उष्णतेकडे पाहावे.

उष्णता कशी मोजायची?

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’ या भागात ग्राफिक्स चिपचे तापमान दिसते. प्रोसेसरसाठी एचडब्ल्यूइन्फो हे मोफत साधन पुरते. गेम चालू असताना ग्राफिक्स चिप ७५ ते ८५ अंशांवर असणे गेमिंग लॅपटॉपला नवीन नाही. बहुतेक चिप ८७ अंशांच्या आसपास आपला वेग कमी करतात, तर प्रोसेसर ९५ ते १०० अंशांवर. खेळ अडखळतो तो यामुळेच. चिप स्वतःला वाचवत असते.

खोलीचे तापमान जितके अंश वाढते, साधारण तितकेच चिपचेही वाढते. म्हणून एप्रिलमध्ये कोल्हापुरात ९० अंश दिसले तर उन्हाळ्याला दोष देता येईल, पण जुलैच्या चंदगडमध्ये तेच ९० अंश दिसले तर हवामानाचा काही संबंध नाही. ‘दमट हवेने लॅपटॉप तापतो’ हाही गैरसमजच. दमट हवा कोरड्या हवेइतकीच उष्णता वाहून नेते. ओलाव्याचा त्रास वेगळ्या वाटेने होतो. धूळ ओलसर होऊन हीटसिंकच्या बारीक पात्यांत नमद्यासारखी बसते. घरात चूल असेल किंवा काजूची टरफले जाळली जात असतील, तर त्या तेलकट धुराने हा थर आणखी चिकट होतो. अशा घरात वर्षातून एकदा सफाई हवीच.

सफाईसाठी लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, मागचे झाकण उघडावे. हवेचा झोत मारताना पंख्याची पाती काडीने अडवून धरावीत. ती भरधाव फिरली तर बेअरिंग खराब होते. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत नेऊ नये, त्याने स्थिर विजेचा धोका असतो. बॅटरी फुगलेली दिसली किंवा टचपॅड वर उचललेला वाटला, तर लॅपटॉप वापरणे तिथेच थांबवावे.

दोनतीन वर्षांनी थर्मल पेस्टही वाळते किंवा चिपवरून बाजूला सरकते. ती बदलल्यावर तापमानात चांगला फरक पडतो. काही महागड्या मॉडेलांत पेस्टऐवजी द्रव धातू वापरलेला असतो. त्यातून वीज वाहते. तो थेंबभर जरी सांडला तरी बोर्ड जळू शकतो. त्यामुळे असा लॅपटॉप ओळखीच्या मेकॅनिककडेही सहज उघडायला देऊ नये.

सफाईआधी करून पाहण्यासारख्या काही गोष्टी आहेत. मागची बाजू दोन बोटे उचलून ठेवावी, गादीवर मुळीच ठेवू नये. गेममध्ये फ्रेम्स ६० वर मर्यादित कराव्यात. पॉवर ऑप्शनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के केली तर टर्बो वेग बंद होतो आणि तापमान लगेच उतरते. या उपायांनी रेघा थांबल्या, तर चिप अजून शाबूत असण्याची शक्यता बरीच आहे.

चिप गेलीच असेल तर?

लॅपटॉप थंड असताना, सुरू करताक्षणी, बायोसमध्येच रेघा असतील तर आशा कमी. अशा वेळी ‘चिप गरम करून देतो’ किंवा ‘रीबॉलिंग करतो’ असे स्वस्त उपाय सुचवले जातात. याला एक इतिहास आहे. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधील आपल्या काही चिपच्या आवरणाचे साहित्य कमकुवत असल्याचे सांगून दुरुस्तीसाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. फेब्रुवारी २०१५ मध्ये अॅपलने २०११ ते २०१३ च्या काही मॅकबुक प्रोंसाठी मोफत दुरुस्ती सुरू केली. तिथेही पडद्यावर विस्कटलेले चित्र हेच लक्षण होते. एनव्हिडियाच्या त्या चिपमध्ये दोष चिप आणि बोर्ड यांच्यातल्या डाखात नव्हता. चिप ज्या छोट्या तबकडीवर बसवलेली असते, तिच्याशी जोडणाऱ्या सूक्ष्म मण्यांत होता. वारंवार तापून-थंड होऊन त्यांना तडे जात. गरम केल्यावर ते काही काळ पुन्हा टेकतात आणि लॅपटॉप चालू झाल्यासारखा वाटतो, पण काही आठवड्यांनी पूर्वपदावर येतो. जुनी चिप काढून तीच पुन्हा बसवण्याचे पैसे म्हणून वायाच जातात. नवी चिप किंवा नवा बोर्ड, एवढाच खरा पर्याय असतो. रेघा चिपमुळे नसून तिच्या शेजारच्या मेमरीमुळे येत असतील, तर फक्त मेमरी बदलूनही काम होते. हे तपासायला सांगावे.

चंदगडकरांना दुरुस्तीसाठी बहुधा बेळगाव जवळचे पडते. वॉरंटी असेल तर आधी कंपनीला पिनकोड सांगून माणूस घरी येतो का ते विचारावे. लॅपटॉप देण्याआधी एसएसडी काढता येत असेल तर काढून घ्यावी, तळावरचा अनुक्रमांक आणि स्क्रीनशॉट मोबाइलमध्ये ठेवावेत, आणि पावतीवर दोषाचे वर्णन ‘चालत नाही’ असे न लिहिता ‘थंड असतानाही बायोसमध्ये रेघा’ किंवा ‘फक्त गेममध्ये, ८७ अंशांनंतर’ असे लिहून घ्यावे.