निरोप्याच्या हातातील पत्र : खडकवासल्यापर्यंत पोहोचलेल्या एका गळतीचा इतिहास

१/ ऑगस्ट २००७ च्या अखेरीस स्वीडनमधील डॅन एगरस्टाड या तरुण संगणक-सुरक्षा अभ्यासकाने १०० ईमेल खात्यांची नावे आणि पासवर्ड जाहीर केले. त्यांत अनेक देशांच्या दूतावासांची खाती होती. चीनमधील भारतीय राजदूत, संरक्षण संशोधन आणि विकास संस्था आणि पुण्याजवळ खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी यांच्याशी संबंधित खातीही त्या यादीत होती.

२/ एगरस्टाडने कोणतेही कुलूप फोडले नव्हते. इतरांचे निरोप वाहून नेण्याचे काम त्याने स्वेच्छेने पत्करले आणि हातातून जाणारे निरोप वाचले. हे कसे शक्य झाले आणि त्यातून काय उघड झाले, याविषयी हा धागा.

३/ निरोप्यावर किती विश्वास ठेवावा, हा राज्यकर्त्यांचा जुना प्रश्न आहे. जासूद वाटेत पकडला जाई, कधी फितूरही होई. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी जळगाव जामोदच्या पूर्वेस, आजच्या तेल्हारा तालुक्यातील अडगाव येथे आर्थर वेलस्लीच्या फौजेने नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या सैन्याचा पराभव केला.

४/ त्या मोहिमेत वेलस्लीने बातम्या मिळवण्यासाठी तीन स्वतंत्र शाखा ठेवल्या होत्या. प्रत्येकीचे हरकारे निराळे. एकीची बातमी दुसरीशी ताडून पाहता येई. एक हरकारा फितला तरी सारा डाव उधळू नये, असा हा हिशेब होता. विश्वास एकाच माणसावर न टाकता तो वाटून द्यायचा.

५/ विश्वास वाटून देण्याचे हेच तत्त्व १९९० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत इंटरनेटसाठी वापरले गेले. निरोपावर कांद्याच्या पापुद्र्यांसारखी कूटबद्ध आवरणे चढवायची, अशी ही पद्धत. तिच्यातूनच २००२ मध्ये ‘टॉर’ हे जाळे सुरू झाले. त्यातील टप्प्यांचे संगणक जगभरातील स्वयंसेवक चालवतात.

६/ उदाहरणाने पाहू. जळगाव जामोदच्या एका माणसाला मुंबईच्या एका कार्यालयास निनावी पत्र पाठवायचे आहे. तो पत्र एकात एक अशा तीन लिफाफ्यांत घालतो. बाहेरच्या लिफाफ्यावर नांदुऱ्याचा पत्ता, त्याच्या आतल्यावर भुसावळचा, सर्वांत आतल्यावर कल्याणचा. प्रत्येक निरोप्या फक्त आपला लिफाफा उघडतो आणि आतील ऐवज पुढे धाडतो.

७/ नांदुऱ्याच्या माणसाला पाठवणारा कळतो, पण पत्र अखेर कोठे जाणार हे कळत नाही. भुसावळच्या माणसाला दोन्ही टोके अज्ञात. कल्याणच्या माणसाला मुंबईचा पत्ता कळतो, पाठवणारा मात्र कळत नाही. तिघांपैकी कोणा एकाला सगळे ठाऊक नसते. टॉरमधील तीन टप्पे असेच चालतात.

८/ मेख शेवटच्या टप्प्यावर आहे. कल्याणच्या माणसाने तिसरा लिफाफा उघडला की आतील पत्र उघडेच त्याच्या हाती येते. मुंबईच्या कार्यालयालाच उघडता येईल असे आणखी एक मोहोरबंद आवरण पत्रावर नसेल, तर तो ते वाचू शकतो. आणि पत्राखाली नाव-गाव लिहिले असेल, तर आधीचा सारा खटाटोप व्यर्थ.

९/ एगरस्टाडने नेमकी हीच जागा धरली. त्याने टॉरचे पाच अखेरचे टप्पे चालवले. त्या काळी अनेक ईमेल सेवांमध्ये नाव आणि पासवर्ड उघड्या अक्षरांत जात. त्याच्या हाती सुमारे १००० खात्यांची माहिती लागली. त्यांपैकी १०० त्याने प्रसिद्ध केली. टॉरच्या निर्मात्यांनी या धोक्याची सूचना आधीच देऊन ठेवली होती. ती वाचणारे थोडे होते.

१०/ कथेचा खरा धक्का पुढे आहे. दूतावासांतील कर्मचारी टॉर वापरत असण्याची शक्यता एगरस्टाडला कमी वाटली. त्याचा तर्क असा : ही खाती आधीच कोणीतरी चोरली होती, आणि ते चोर स्वतःचा माग लपवण्यासाठी टॉरमार्गे ती वाचत होते. हा तर्क खरा असेल, तर त्याने पाहिली ती चोरीच्या मालाची वाहतूक होती.

११/ म्हणजे पासवर्डचे मूळ धनी टॉरच्या वाटेला गेलेच नसतील, तरी त्यांची गुपिते एका अनोळखी स्वयंसेवकासमोर उघडी पडली. नोव्हेंबर २००७ मध्ये स्वीडिश पोलिसांनी एगरस्टाडच्या घराची झडती घेऊन त्याची चौकशी केली. गळती दाखवणारा तेवढा सापडला. त्याच्या आधी गुपचूप वाचणारे कोण होते, हा प्रश्न मागे राहिला.

१२/ पुढील प्रकार अधिक धूर्त होते. २०१४ मध्ये टॉर प्रकल्पाने जाहीर केले की ११५ संशयास्पद टप्पे जाळ्यात शिरून काही महिने वापरकर्त्यांचा माग काढू पाहत होते. येथे हल्ला दोन्ही टोकांवर होता. नांदुरा आणि कल्याण येथील निरोपे एकाच धन्याचे असतील, तर भुसावळच्या प्रामाणिकपणाचा उपयोग काय?

१३/ मे २०२० मध्ये जाळ्यातील अखेरच्या टप्प्यांची वीस टक्क्यांहून अधिक क्षमता एकाच दुष्ट हेतूच्या गटाकडे होती. हा गट संकेतस्थळाचे कूटबद्ध आवरण काढून टाकून बिटकॉइनचे पत्ते बदलत असे. एगरस्टाडने पत्र वाचले होते. येथे पत्रातील मजकूरच बदलला गेला.

१४/ उपाय आतल्या आवरणात आहे. संकेतस्थळाशी थेट कूटबद्ध संपर्क असेल, तर शेवटच्या निरोप्याला पत्ता दिसतो, मजकूर दिसत नाही. २०२२ पासून टॉरचा ब्राउझर असाच संपर्क आधी मागतो आणि तो नसल्यास इशारा देतो.

१५/ व्हीपीएन मात्र एकच निरोप्या असतो. पाठवणारा आणि पत्ता, दोन्ही त्याला ठाऊक. एप्रिल २०२२ मध्ये भारत सरकारच्या ‘सर्ट-इन’ने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षे ठेवण्यास सांगितले, तेव्हा काही कंपन्यांनी भारतातील सर्व्हरच हलवले. त्या नोंदी ठेवता येतात, हेच पुरेसे बोलके आहे.

१६/ तीन निरोप्यांची साखळी पाठवणाऱ्याचा चेहरा झाकते. पत्रातील मजकूर झाकण्याचे काम तिचे नाही. भ्रष्टाचाराची खबर देणाऱ्या कारकुनाला किंवा वार्ताहराच्या खबऱ्याला हा भेद ठाऊक नसेल, तर त्याची किंमत त्याला नोकरीने, कधी त्याहून जबर मोजावी लागते. वाहणारा अनोळखीच असणार. म्हणून मोहोर पाठवणाऱ्यानेच लावायची, आणि पत्राखाली सही करण्यापूर्वी थांबायचे.