घोड्यातील परावटू संप्रेरक : साम्य आणि वेगळेपण

रक्तातील कॅल्शियमची पातळी राखणारे प्रथिन म्हणजे परावटू संप्रेरक. मानेतील परावटू ग्रंथींतून ते स्रवते. घोडा, माणूस, गाय, कुत्रा यांच्यात या संप्रेरकाची रचना इतकी मिळतीजुळती आहे की माणसासाठी तयार झालेल्या काही रक्तचाचण्या घोड्यासाठीही वापरता येतात. घोड्याची कॅल्शियम हाताळण्याची रीत मात्र निराळी आहे.

शोधाचा इतिहास

या ग्रंथीची पहिली नोंद एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रिचर्ड ओवेन यांनी लंडनमध्ये केली, ती मृत भारतीय गेंड्याच्या विच्छेदनात. गेंडा हा प्राणिवर्गीकरणात घोड्याचाच दूरचा नातलग. १८८० मध्ये स्वीडनच्या इव्हार सँडस्ट्रॉम यांनी माणसाबरोबरच कुत्रा, मांजर, बैल, ससा आणि घोडा यांतील या ग्रंथींचे वर्णन प्रसिद्ध केले. १९२५ मध्ये जेम्स कॉलिप यांनी बैलाच्या ग्रंथींचा अर्क वापरून ग्रंथी काढलेल्या कुत्र्यांचे झटके थांबवले. एका प्राण्याचे संप्रेरक दुसऱ्यात काम करते, हे त्यातून दिसून आले.

रचना आणि कार्य

बहुतेक सस्तन प्राण्यांत हे संप्रेरक ८४ ॲमिनो आम्लांची साखळी असते. कोंबडीत ती ८८ आम्लांची आहे. त्यातील पहिल्या ३४ आम्लांचा भागच मुख्य कार्य करतो. रक्तातील कॅल्शियम घटले की संप्रेरक वाढते, हाडांतून कॅल्शियम मोकळे होते, मूत्रपिंड ते राखून ठेवते आणि फॉस्फरस बाहेर टाकते.

घोड्याचे वेगळेपण

घोड्याचे आतडे खाद्यातील कॅल्शियम मोठ्या प्रमाणात शोषते आणि त्यासाठी ड जीवनसत्त्वावर फारसे विसंबत नाही. जादा कॅल्शियम मूत्रावाटे जाते. म्हणूनच निरोगी घोड्याचे मूत्रही गढूळ दिसते. त्याच्या रक्तातील कॅल्शियम माणसापेक्षा अधिक असते. मूत्रपिंड निकामी झाल्यास माणसात व कुत्र्यात परावटू संप्रेरक वाढते. घोड्यात मात्र बहुधा कॅल्शियमच साठत जाते आणि संप्रेरक वाढत नाही.

कोंड्याचा आजार

बडोदे संस्थानातील वाघोडियासारख्या जुन्या महालापासून मोटारबंदी असलेल्या माथेरानपर्यंत, घोडा पाळणाऱ्या प्रत्येकाने हा आजार ओळखून असावे. गव्हाच्या कोंड्यात कॅल्शियमच्या सुमारे आठ ते दहा पट फॉस्फरस असतो. असे खाद्य दीर्घकाळ दिल्यास परावटू संप्रेरक सतत वाढलेले राहते. हाडे झिजतात, त्यांच्या जागी तंतुमय ऊती भरते, चेहरा फुगतो, दात सैल होतात आणि घोडा कधी या, कधी त्या पायाने लंगडतो. ऑक्झलेटयुक्त गवतानेही हेच घडू शकते, कारण ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. गाईच्या पोटातील जीवाणू त्याचे बऱ्याच अंशी विघटन करतात. घोड्याला ही सोय नाही. त्यामुळे गाईला मानवणारे संकरित नेपियर गवत घोड्याला एकमेव चारा म्हणून देणे धोक्याचे ठरते.

निदान आणि काळजी

या आजारात रक्तातील कॅल्शियम बहुधा सामान्यच आढळते, कारण त्याची भरपाई हाडांतून होत असते. केवळ त्या आकड्यावर विसंबल्यास निदान हुकते. म्हणून पशुवैद्य मूत्रातील फॉस्फरस व कॅल्शियमचे उत्सर्जन, आहार आणि शक्य तेथे संप्रेरकाची पातळी एकत्र पाहतात. घोड्याच्या आहारात कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा कमी नसावे. दीडपट ते दुप्पट असणे उत्तम. कोंडा कमी करून लसूणघास देणे आणि पशुवैद्याच्या सल्ल्याने चुनखडीची भुकटी खाद्यात मिसळणे, हा उपाय आहे. लवकर सुरुवात झाल्यास लंगडणे थांबते. फुगलेला चेहरा मात्र पूर्ववत होईलच असे नाही.