आपद्धर्म कुणासाठी?

पेटंटचा हक्क पवित्र आहे, त्याला हात लावला तर संशोधनच थांबेल, असे आपल्याला सतत बजावले जाते. मी इतिहासाचा विद्यार्थी आहे आणि इतिहास वेगळेच सांगतो. ज्या राष्ट्रांनी हे पावित्र्य जगाला शिकवले, त्यांनीच स्वतःची गरज दिसताच ते बासनात गुंडाळून ठेवले.

ब्रिटनने जर्मनीविरुद्ध ४ ऑगस्ट १९१४ रोजी युद्ध पुकारले. अवघ्या तीन दिवसांत, ७ ऑगस्टला, पार्लमेंटने पेटंटविषयक तात्पुरता कायदा केला. शत्रुराष्ट्राच्या प्रजाजनांची पेटंटे रद्द वा स्थगित करण्याचा अधिकार बोर्ड ऑफ ट्रेडला मिळाला. युद्धामुळे ज्यांना ठरलेल्या वेळेत कागदपत्रे दाखल करता येणार नव्हती, त्यांच्यासाठी मुदत वाढवण्याचीही सोय झाली.

या कायद्याचा उपयोग कसा झाला, याचे एक उदाहरण सालव्हर्सानचे. उपदंशावरचे, म्हणजे लोकभाषेतल्या गरमीवरचे, हे औषध १९१० पासून जर्मनीची होएक्स्ट कंपनी विकत होती. गरमी पसरली की पलटणी निकामी होतात. म्हणून ब्रिटनमध्ये परवाने दिले गेले आणि बरोज वेलकम कंपनीने 'खारसिवान' या नावाने तेच औषध बनवायला घेतले. अमेरिकेने ऑक्टोबर १९१७ च्या कायद्याने हीच वाट धरली. पुढे युद्धबंदीच्या आठवडाभर आधी शत्रूची पेटंटे जप्त करून विकण्याची तरतूदही केली. १९१९ मध्ये सुमारे साडेचार हजार जर्मन पेटंटे 'केमिकल फाउंडेशन'ला जवळपास अडीच लाख डॉलरांत मिळाली. युद्ध संपले, पण पेटंटे परत गेली नाहीत. १९२६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या विक्रीवर शिक्कामोर्तब केले.

नुसत्या पेटंटच्या कागदावरून कारखाना उभा राहत नाही, हा आक्षेप खरा आहे. अमेरिकन कंपन्यांनाही पुढे जर्मन रसायनतज्ज्ञ आणावे लागले. पण त्या अडचणीपायी त्यांनी पेटंटांवरचा हक्क सोडला नाही, हेही लक्षात घ्यायला हवे.

आता आपल्याकडे पाहू. १९७० च्या कायद्याने आपण औषधाच्या पदार्थावरचे पेटंट नाकारले, फक्त कृतीवरचे ठेवले. स्वस्त औषधांचा उद्योग त्या आधाराने वाढला. जागतिक व्यापार कराराच्या अटींमुळे २००५ पासून पदार्थावरचे पेटंट परत आले. तरी सक्तीच्या परवान्याची वाट शिल्लक होती. मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने बायर कंपनीच्या कर्करोगावरील औषधासाठी असा परवाना दिला. महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांचे औषध ८,८८० रुपयांत देणे भाग पडले.

मग कोरोनाची साथ आली. ऑक्टोबर २०२० मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिकेने पेटंटच्या बंधनांतून तात्पुरती सूट मागितली. जून २०२२ मध्ये जो निर्णय हाती आला, तो केवळ लसींपुरता होता. युद्धासाठी तीन दिवस पुरले; साथीसाठी वीस महिनेही पुरले नाहीत. आणि जगापुढे सूट मागणाऱ्या आपल्या सरकारने मे २०२१ मध्ये स्वतःच्या सर्वोच्च न्यायालयात मात्र सांगितले, की सक्तीचा परवाना वापरणे उलट अहितकारक ठरेल.

याचा अर्थ स्पष्ट आहे. आपद्धर्म सर्वांच्या पोथीत असतो. आपत्ती कुणाची मानायची, हे सत्ता ठरवते. पलटण आजारी पडली की ती राष्ट्राची आपत्ती ठरते. झोपडपट्टीत, खाणीत, विडीच्या कारखान्यात माणूस खोकून मरतो, तेव्हा ते त्याचे नशीब ठरते.

आपल्या पेटंट कायद्याचे ९२ वे कलम राष्ट्रीय आणीबाणीत सक्तीचा परवाना देण्यासाठी आहे, आणि त्यात क्षयरोगाचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे. कार्यकर्त्यांनी ते कलम वाचावे, शिक्षकांनी ते वर्गात शिकवावे. कायदा वाकत नाही, असे यापुढे कुणी सांगू लागला, तर तो १९१४ मध्ये कुणासाठी वाकला, एवढेच त्याला विचारावे.