सदसद्विवेक कोणाचा?

‘कॉन्शन्शियस ऑब्जेक्टर’ म्हटले की युद्धाला नकार देणारा तरुण आठवतो. वास्तविक ही संज्ञा इंग्लंडमध्ये रूढ झाली ती देवीच्या लसीवरून. सक्तीविरुद्ध लेस्टरमध्ये १८८५ साली प्रचंड निदर्शने झाली आणि १८९८ च्या कायद्याने पालकांना सूट मिळाली. मूल चार महिन्यांचे होण्याआत दंडाधिकाऱ्यांपुढे जायचे आणि लस मुलाला अपायकारक ठरेल असे आपण प्रामाणिकपणे मानतो, याची त्यांना खात्री पटवायची. मनातल्या खात्रीचा पुरावा द्यायचा तरी कसा? १९०७ पासून नुसत्या प्रतिज्ञापत्रावर भागू लागले. सैन्यभरतीच्या कायद्यात ही सवलत आली ती १९१६ मध्ये.

त्याच साम्राज्यात, जेमतेम वर्षभर आधी, पुण्यात प्लेगचा कहर होता. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. अवघ्या चार कलमांचा. तिसऱ्यात आज्ञाभंगाला शिक्षा, चौथ्यात सद्हेतूने कारवाई करणाऱ्यावर दावा लावण्यास मनाई. संरक्षण होते, पण ते अंमलदाराला. गोरे शिपाई घरांत शिरले, देवघरापर्यंत गेले, स्त्रियांची तपासणी झाली. लेस्टरच्या पालकाचा नकार ‘सदसद्विवेक’ ठरला. पुणेकरांचा मात्र ‘पूर्वग्रह’. आमच्या मते भाषेतला हा भेदच या इतिहासाचा गाभा आहे. २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि पुढची चर्चा त्या गोळ्यांभोवतीच फिरत राहिली.

अर्थात पुण्यातला प्रत्येक नकार उदात्त मानण्याचे कारण नाही. रुग्णालयाच्या भीतीत विटाळाची भीतीही मिसळलेली होती. टिळकांनी हिंदूंसाठी वेगळे प्लेग रुग्णालय काढले, ही त्यातलीच तडजोड. याउलट सावित्रीबाई फुले रुग्णांची शुश्रूषा करताना प्लेगनेच १० मार्च १८९७ रोजी गेल्या. सेवा करणाऱ्यालाही सदसद्विवेक असतो, हे आपण क्वचितच लक्षात घेतो.

पुढे हा प्रश्न गर्भपाताच्या कायद्यात पुन्हा उभा राहिला. ब्रिटनच्या १९६७ च्या कायद्यातील चौथे कलम, स्त्रीच्या जिवावर बेतले असल्यास किंवा तिला गंभीर कायमची इजा होणार असल्यास ते प्रसंग वगळून, डॉक्टर-परिचारिकांना नकाराची मुभा देते. महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शहा यांच्या समितीच्या अहवालानंतर १९७१ मध्ये आपला कायदा आला. त्यात असे कलम नाही. आहे ते आठवे : सद्हेतूने केलेल्या कृतीबद्दल डॉक्टरवर दावा चालणार नाही. १८९७ च्या चौथ्या कलमाचेच हे शब्द म्हणावेत, इतके साम्य आहे.